सुगानोला घेतलं ते बरोबरच होतं

कॅम्डनकर

२०२५ चा हंगाम बाल्टिमोरच्या ओरिओल्स या बेसबॉल संघासाठी ७५ विजय, ८७ पराभव आणि गटात तळाला, असा संपला. तेव्हापासून आमच्या मेरीलँडच्या मंडळींत बेसबॉलचा विषय निघाला की सगळ्यांचं बोट पिचर (चेंडू टाकणारा) तोमोयुकी सुगानोकडे जातं. "बर्न्ससारखा हुकमी पिचर घालवला आणि पस्तिशीचा जपानी आणला." (बर्न्स म्हणजे २०२४ मध्ये आपल्याकडून खेळलेला पिचर.) हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच बसलो.

ज्यांनी पाठपुरावा केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये ओरिओल्सनी सुगानोशी एका वर्षाचा, १ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. त्यापूर्वी तो १२ हंगाम टोकियोच्या योमिउरी जायंट्सकडून खेळला. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोनदा सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार. २०११ मध्ये जपानी लीगच्या खेळाडू-निवडीत दुसऱ्या संघाने निवडलं तेव्हा हा गडी नाही म्हणाला आणि वर्षभर घरी बसून राहिला, कारण त्याला जायंट्सकडूनच खेळायचं होतं. त्याचा मामा तात्सुनोरी हारा तिथे मॅनेजर होता. एवढा हट्टी माणूस ३५ व्या वर्षी सगळं सोडून बाल्टिमोरला आला, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं आणि आजही आहे.

जपानमधल्या शेवटच्या हंगामात त्याने जवळपास १५७ इनिंग टाकल्या (एक सामना नऊ इनिंगचा) आणि वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस, दिले फक्त १६. मला बापू नाडकर्णी आठवले. १९६४, मद्रास, ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. तीच जातकुळी.

आता मुद्दा. १६२ सामन्यांचा हंगाम पाच पिचरवर निघत नाही. आपले पिचर ब्रॅडिश आणि वेल्स, दोघांच्या कोपरांवर २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या. ग्रेसन रॉड्रिगेझने २०२५ मध्ये एकाही सामन्यात चेंडू टाकला नाही. एफ्लिनची पाठ गेली. अशा वर्षात सुगानो ३० वेळा सामना सुरू करायला उभा राहिला. जूनमधल्या एका संध्याकाळी मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलो होतो. त्याचा स्प्लिटर (शेवटी अचानक खाली जाणारा चेंडू) बॅटरपर्यंत अगदी सरळ आला आणि पायऱ्या संपल्यासारखा खाली गेला. बॅटर गुडघ्यावर. सुगानोने नुसतं वळून हातात पावडरची पिशवी घेतली. या माणसाला नावं ठेवणं मला पटत नाही.

दर्याकाठ

सुगानोबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातलं बहुतेक मान्य. त्याला नावं ठेवायचीच नाहीत. नावं ठेवायची ती संघाला.

नाडकर्णींची उपमा मनापासून आवडली, पण ती इथे लागू पडत नाही. कसोटीत एक टोक बांधून ठेवलं तर सामना अनिर्णित ठेवता येतो. जपानी बेसबॉलमध्येसुद्धा बारा इनिंगनंतर बरोबरी मान्य असते. अमेरिकेत नाही. इथे बॅटरला चुकवावं लागतं, आणि ते ताशी ९२-९३ मैलांच्या चेंडूने आता होत नाही. १५७ इनिंगमध्ये १०६ स्ट्राइकआउट (बॅटरला चुकवून बाद करणं). बॅटला चेंडू लागत राहिला आणि ३३ होमरन गेले. त्यात कॅम्डन यार्ड्सची, म्हणजे आपल्या मैदानाची, डावीकडची भिंत, जी २०२२ मध्ये मागे नेली होती, ती नेमकी याच हंगामाआधी पुन्हा आत घेतली आणि उंचीही कमी केली. उंच फटके देणारा पिचर आणायचा आणि भिंत जवळ आणायची, हे एकाच हिवाळ्यात?

आणि एक हिशेब बघा. जपानमध्ये २०२४ ला २४ सामन्यांत जवळपास १५७ इनिंग. इथे ३० सामन्यांत १५७. म्हणजे तिथे सामन्यामागे साडेसहा, इथे सव्वापाच. उरलेल्या चार इनिंग कोणी टाकायच्या? बुलपेनने, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरनी. मग बुलपेन जुलैत थकलं की आपण बुलपेनला शिव्या घालतो.

मोगरा

बर्न्स बर्न्स करणाऱ्यांना एकच सांगते. अ‍ॅरिझोनाने त्याला सहा वर्षांचे २१ कोटी डॉलर दिले. ११ सामने टाकले आणि जूनमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. हुकमी पिचरसुद्धा हाडामांसाचाच असतो.

दर्याकाठ

मोगराताई, बर्न्सवरच अडून बसायचं कारण नाही. त्याच हिवाळ्यात पिचर मॅक्स फ्रीड न्यूयॉर्क यांकीजकडे गेला आणि १९ सामने जिंकला. क्रोशे या पिचरला बोस्टनने व्हाइट सॉक्सकडून उचललं. दोघेही आपल्याच गटात, म्हणजे वर्षभर आपल्याच विरुद्ध उभे. दुखापतीच्या भीतीने पहिल्या दर्जाचा पिचर घ्यायचाच नाही असं ठरवलं, तर २०२३ ला १०१ सामने जिंकलेल्या पोरांची उमेदीची वर्षं अशीच जातील. आपले हेंडरसन आणि रचमन आयुष्यभर तरुण राहणार नाहीत.

सुमिदाकाठची

मी टोकियोत नऊ वर्षं काढली, सुगानोला टोकियो डोममध्ये बऱ्याचदा पाहिलंय. तिथे सोमवारी सहसा सामने नसतात आणि पिचर आठवड्यातून एकदाच येतो. सहा दिवस विश्रांती. अमेरिकेत ती लय मोडते. चेंडूही वेगळा, तिथला किंचित लहान आणि हाताला धरून राहणारा. इथला गुळगुळीत, म्हणून सामन्याआधी त्याला चिखल चोळून ठेवतात. बारा वर्षं एक चेंडू हातात घोळवल्यावर पस्तिशीत दुसरा शिकायचा. टोरंटोतल्या पहिल्याच सामन्यात त्याच्या दोन्ही हातांना पेटके आले आणि चार इनिंगनंतर त्याला थांबावं लागलं. तरी पुढचे दोन महिने तो उत्तम खेळला. उन्हाळ्यात ढेपाळला, ते मला वय आणि दमणूक वाटते. संघाने त्याला सहाव्या दिवशीच आणायचा नियम कसोशीने पाळायला हवा होता. पण बाकीचे जखमी असताना सहावा पिचर आणणार कुठून, हेही खरंच.

कॅम्डनकर

ढेपाळला, मान्य. ४.६४ ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावांची सरासरी) मी लपवत नाही. पण दर्याकाठ, २०२४ ची प्लेऑफ आठवा. बर्न्स आठ इनिंगच्या पुढे टाकत राहिला, एक धाव दिली, आणि आपण कॅन्सस सिटीकडून १-० ने हरलो. दुसरा सामना २-१. दोन सामन्यांत मिळून आपली एक धाव. हुकमी पिचर होता की तेव्हा! मला वाटतं आपला राग पिचिंगवर निघतो आणि बॅटर सुटतात.

दर्याकाठ

बॅटरवरचा राग माझाही आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतोच. पण पैशांचं उत्तर द्या. सुगानोला १ कोटी ३० लाख, चाळिशी ओलांडलेल्या चार्ली मॉर्टनला दीड कोटी. झाले २ कोटी ८० लाख. बर्न्सला वर्षाला साडेतीन कोटी मिळतात. म्हणजे वरचे ७० लाख टाकले असते की झालं. पहिला विजय मिळण्याआधी मॉर्टनच्या नावावर सात पराभव लागले आणि जुलैत आपण त्याला डेट्रॉइटला दिलं.

कॅम्डनकर

मॉर्टनचा बचाव मी करणार नाही. पण ते साडेतीन कोटी एका वर्षाचे नव्हते, सहा वर्षांचे होते. आणि बर्न्सचं घर अ‍ॅरिझोनातच आहे, त्याला तिकडे जायचंच होतं. सुगानोचा करार हंगामाबरोबर संपला, एक डॉलरही पुढे डोक्यावर राहिला नाही. पुढच्या हिवाळ्यात असाच कोणी १६ वॉकवाला जपानमधून यायला तयार असेल तर मी पुन्हा घ्या म्हणेन. तुम्ही पुन्हा नको म्हणा.

दर्याकाठ

पहिल्या क्रमांकाचा पिचर आधी आणा, मग चौथ्यासाठी घ्या. तेव्हा मीही हो म्हणेन.