माऊस कोणाच्या हातात? (अनुभव धागा)

शाळेच्या लॅबमध्ये एका मशीनवर दोघं-तिघं बसतात, तेव्हा मुलगे आणि मुली सारखंच काम करतात का? शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. फक्त स्वतः पाहिलेलं हवं, आणि शाळेचं नाव नको.

खडूवाली: झेडपी शाळा, सातवीचा वर्ग, स्क्रॅच शिकवते, म्हणजे पडद्यावरचे रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायला. तिघी मुली एकत्र आल्या की आधी वहीत पडद्यावरच्या मांजराची गोष्ट ठरते, कोण काय बोलणार तेही ठरतं, मग मशीनकडे वळतात. मुलगे ब्लॉक ओढून प्रोग्रॅम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबतात. बिघडलं की हसतात आणि दुसरा ब्लॉक लावतात. दोन्ही रीतींनी काम होतं. मुलींचं उशिरा सुरू होतं, पण मध्येच कमी अडतं.

खरी गंमत मिश्र जोडीत. माऊस मुलाकडे आणि ती फळ्यावरच्या पायऱ्या वाचून दाखवणार, हे कोणी न सांगताच ठरलेलं असतं. म्हणून मी दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायला लावली. तर माऊस तिच्याकडे आला आणि याचं बोट स्क्रीनवर! ‘इथे, अगं इथे क्लिक कर.’ आता नियम असा, की माऊस नसेल त्याचे हात मांडीवर. बोलायचं, दाखवायचं नाही. त्यानंतर मुलांना ‘डावीकडचा निळा ब्लॉक’ असं नीट सांगता यायला लागलं. मुलींनाही ‘थांब, मी बघते’ म्हणायला जमलं. त्याला जरा वेळ लागला, हे खरं.

जुना बाक: १९८४ साली शाळांना संगणक द्यायची सरकारची ‘क्लास’ योजना आली, त्यातले बीबीसी मायक्रो संगणक आमच्या शाळेत होते. तेव्हा माऊस नव्हताच, तरी कीबोर्डपुढची खुर्ची मुलांचीच. मुली मागे उभ्या राहून बेसिक या संगणक-भाषेतला प्रोग्रॅम वहीत उतरवायच्या. ओळ चुकली की सापडायची मात्र त्यांच्याच वहीत.

टेम्सकाठी: इंग्लंडमध्ये २०१४ पासून प्राथमिक शाळेतच कम्प्युटिंग हा विषय आहे. लेकीच्या वर्गात एक ‘ड्रायव्हर’ (माऊस चालवणारा) आणि एक ‘नॅव्हिगेटर’ (काय करायचं ते सांगणारा) अशी जोडी असते, अदलाबदल शिक्षिका करते. लेक म्हणते, मैत्रिणीबरोबर बसलं की गप्पाच जास्त, मुलाबरोबर भांडण जास्त, पण काम दोन्हीकडे पुरं होतं. मला यात मुलगा-मुलगीपेक्षा स्वभावच जास्त दिसतो.

आकडेमोड: पाहिलेलंच लिहा म्हणालात, पण एक भर घालतो. २०१५ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुला-मुलींना ‘मिळून प्रश्न सोडवा’ असं काम संगणकावर दिलं होतं. भाग घेतलेल्या प्रत्येक देशात मुली पुढे, ओईसीडी (बहुतेक श्रीमंत देशांचा गट) देशांत सरासरी २९ गुणांनी. मात्र त्यात जोडीदार माणूस नव्हता, संगणकानेच उभा केलेला होता. तो माऊस हिसकावत नाही! त्यामुळे खडूवालींच्या लॅबमधलं या गुणांत कुठून दिसणार?

मराठवाड्याची: आमच्याकडं उलटंच हाय. एक पोरगी अशी हाय की तिच्यापुढं कोणी माऊसला हात लावत न्हाई. तिच्या भावाचं सायबर कॅफे हाय, तिथं बसून शिकली. बाकीच्या पोरींच्या घरी एकच फोन, आणि तो भावाकडं. लॅबमधी त्या आधी बटणं शोधत्यात, मग कामाला लागत्यात. त्यात निम्मा तास जातो. पोरींना जमत न्हाई असं म्हणणाऱ्यांनी आधी घरातला फोन कोणाकडं असतो ते विचारावं.

धागाकर्ता: एका मशीनला दोन माऊस लावून पाहिले का कोणी?

खडूवाली: पाहिले. बाण एकच, ओढणारे दोघं. सगळ्या ब्लॉकांची भेळ झाली. दुसरा माऊस आता कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे.