फाईल उडवायच्या आधी डीपीकेजीला (डेबियन लिनक्समधली पॅकेजेस, म्हणजे इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर, सांभाळणारी कमांड) ती फाईल कुठल्या पॅकेजची हे विचारायची सवय नवख्यांना लावावी का?

कळफलक: काल मावसभावाचा लॅपटॉप बघितला, डेबियन १२, डिस्क भरली म्हणून त्याने यूएसआर-लिब या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या मोठ्या दिसतील त्या फाईली रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन उडवल्या आणि लिब्रेऑफिस उघडेना. मी डीपीकेजीला कॅपिटल व्ही (तपासणीचा पर्याय) दिला, कुठल्या फाईली गायब ते सगळं समोर आलं, मग त्यातला एकेक पाथ (फाईलचा पूर्ण पत्ता) कॅपिटल एस या शोधाच्या पर्यायाला दिला की पॅकेजचं नाव कळतं (फाईल डिस्कवर नसली तरी, कारण तो शोधतो डेटाबेसमध्ये), आणि तेवढी पॅकेजेस ॲप्टने (पॅकेज उतरवून बसवणारी कमांड) रीइन्स्टॉल. फॉरमॅट करावं लागलं नाही. माझं मत, ही सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

साधासरळ: पटत नाही. नवीन माणूस टर्मिनलची काळी खिडकी बघूनच विंडोजवर परत जातो. सिनॅप्टिक या माऊसने चालणाऱ्या पॅकेज ॲपमध्ये पॅकेजच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल झालेल्या फाईलींची यादी दिसतेच की.

कळफलक: दिसते ना, पण पॅकेज माहीत असेल तर. भावाच्या हातात फाईल होती, पॅकेजचं नाव त्याला कुठून कळणार?

रात्रपाळी: अहो पण डीपीकेजीचा शब्द म्हणजे वेदवाक्य नाही. पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) किंवा सोर्स कोडमधून स्वतः मेक करून टाकलेलं त्याला ठाऊकच नसतं, इन्स्टॉल होताना स्क्रिप्टने बनवलेल्या फाईली यादीत नसतात, आणि यूएसआर-बिन मधला एडिटर विचारा, कुणाचाच नाही म्हणेल कारण ती अल्टरनेटिव्ह्जची, म्हणजे अनेक एडिटरांपैकी निवडलेल्याकडे नेणारी, लिंक आहे. बुकवर्मवर (म्हणजे डेबियन १२ वर) तर यूएसआर-बिन-एलएस विचारलं तरी सापडत नाही, नुसतं बिन-एलएस विचारावं लागतं, नोंद जुन्या पाथने आहे. नवखा "मालक नाही" वाचेल आणि बिनधास्त डिलीट मारेल, मग?

लाल टोपी: फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात आरपीएम -क्यूएफ, म्हणजे तिथली पॅकेज कमांड, हेच काम करतं. आणि आरपीएमचं व्हेरिफाय परमिशन, फाईलचा मालक युजर, साईझ, वेळ सगळं तपासतं, डीपीकेजी असलेल्या फाईलचा फक्त एमडी५ (मजकुराचा ठसा) बघतो, त्यामुळे कुणी परमिशन बिघडवल्या तर तिकडे कळणारच नाही.

कळफलक: रात्रपाळी, मान्य, हे मी भावाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. पण मालक पॅकेज सापडलं तर हात लावायचा नाही एवढं तरी पक्कं कळतं ना, त्याने उडवलेल्या प्रत्येक फाईलीला मालक होता.

साधासरळ: मग ही कॅपिटल एस वाली एकच कमांड शिकवा. बाकीचं सिनॅप्टिकवर राहू द्या.