मदत हवी आहे: एकबीज की द्विबीज जुळी, डीएनएशिवाय कसं ठरवू?

नमस्कार मंडळी. जळगावला मानसशास्त्रात एम.ए. करतोय. 15 ते 20 वयाच्या मुलांत राग-उदासी किती रेंगाळते आणि त्यात आनुवंशिकतेचा हात किती, हा प्रबंधाचा विषय. मोबाइलवर दिवसातून पाचदा ‘आत्ता कसं वाटतंय?’ विचारायचं आणि आधीच्या नोंदीतली उदासी पुढच्या नोंदीत किती उरते ते मोजायचं.

सख्ख्या भावंडांवर भागवा, असं कृपया सुचवू नका. घर एकच, सरासरी निम्मी जनुकंही सारखी. मग वेगळं काय काढणार? जुळ्यांत ते जमतं: एकबीज (एकाच फलित बीजातली) जुळ्यांची जनुकं जवळपास सगळी सारखी, द्विबीज (दोन वेगळ्या बीजांतली) जुळ्यांची भावंडांसारखी निम्मी, म्हणून दोन्ही प्रकारांची तुलना करायची. अमळनेर-चोपड्याकडची काही जुळी तयार आहेत. नमुना छोटा आहे हे मान्य, ही फक्त पूर्वचाचणी.

अडलंय ते इथे: डीएनए तपासणी परवडत नाही, आणि लाळ द्यायची म्हटलं की पालक बिचकतात. ‘लहानपणी शिक्षकांचा घोळ व्हायचा का?’ छापाच्या प्रश्नावलीने साधारण 95 टक्के जुळी बरोबर ओळखता येतात. मी इंग्रजीवरून भाषांतर केलं, पण गावाकडच्या आया ‘दोन्ही सारखाच शेतस’ म्हणून मोकळ्या होतात.

मराठीत पडताळलेली अशी प्रश्नावली कुणी वापरली आहे का? नसेल, तर फोटोंवरून त्रयस्थांनी दिलेला निर्णय जोडला तर परीक्षक चालवून घेतात का?