हृदय धडधडतंय, पण रक्त फिरत नाही: झेब्राफिशच्या भ्रूणात काय अडलंय?

प्रश्न: एक-पेशी अवस्थेत ईटीव्ही२ या जनुकाविरुद्धचा मॉर्फोलिनो (जनुकाचं काम तात्पुरतं रोखणारा कृत्रिम रेणू) टोचला. ३० तासांनी हृदय चालू आहे, पण शेपटीत एकही पेशी वाहताना दिसत नाही. रक्तच बनलं नाही, की वाहिन्या नाहीत?

उत्तर १: प्रवाह नाही म्हणजे रक्त नाही, असं धरू नका. ईटीव्ही२ प्रामुख्याने वाहिन्यांच्या अस्तरासाठी लागतो. तो बंद पडला तरी गाटा१ या दुसऱ्या जनुकामुळे लाल पेशी बनतात. वाट नसल्याने त्या एका जागी साचतात. ४८ तासांनी ओ-डायअ‍ॅनिसिडिन या हिमोग्लोबिन रंगवणाऱ्या रसायनाने रंगवून बघा: ०.६ मिग्रॅ प्रति मिली, ०.०१ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट (सामू ४.५), ०.६५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ४० टक्के इथेनॉल. अंधारात १५ मिनिटं. पोटाकडच्या बाजूला विटकरी गठ्ठा दिसला की रक्त आहे. हातमोजे घालाच, हे रसायन कर्करोगकारक मानलं जातं.

उत्तर २: वाहिन्या आणि रक्त दोन्ही गायब असतील तर दोष आणखी वर, म्हणजे ईटीव्ही२च्या आधी काम करणाऱ्या एनपीएएस४एल जनुकामध्ये शोधा. 'क्लोश' या वाहिन्या आणि रक्त दोन्ही घालवणाऱ्या उत्परिवर्तनामागचा हाच जनुक, २०१६ मध्ये सापडला. वाहिन्या शाबूत आणि फक्त लाल पेशी नसतील तर गाटा१.

उत्तर ३: एक सावधगिरी. रक्ताच्या मूळपेशी दाखवणाऱ्या रन्क्स१ जनुकाची खूण महाधमनीत फिकी दिसली म्हणून मूळपेशींचा जनुकीय दोष ठरवू नका. प्रवाह नसला तरी ती फिकी पडते. तुलनेला टीएनएनटी२ए (हृदयाच्या आकुंचनाला लागणारा जनुक) मॉर्फोलिनोचे भ्रूण ठेवा: हृदय थांबलेलं, वाहिन्या मात्र बनलेल्या. डोकं करडं, अपारदर्शक दिसत असेल तर मॉर्फोलिनोच्या दुष्परिणामाने, पी५३ या पेशीमृत्यू घडवणाऱ्या प्रथिनामुळे पेशी मरताहेत. मॉर्फोलिनोची मात्रा कमी करा आणि निष्कर्ष तोच जनुक बिघडलेल्या उत्परिवर्ती माशांत पडताळा.