जर्मन रॅपमधला धोका, गुन्हा आणि ऐश: 20 मिनिटांत काय मांडावं?

धरमपेठ_बी2
नागपुरात जर्मन भाषेच्या बी2 (मध्यम-वरच्या पातळीच्या) वर्गापुढे 20 मिनिटं बोलायचं आहे. कोणते रॅपर घेऊ? ओळी वाचल्या की नुसती गाड्या-घड्याळांची यादी वाटते.

सक्करदरा_बीट्स
दोनच कडवी घ्या. 90 बीपीएमवर (मिनिटाला 90 ठोके) 16 बारचं (एका बारमध्ये चार ठोके) कडवं साधारण 43 सेकंदांत संपतं, पण ओळ न् ओळ उलगडायला सात-आठ मिनिटं सहज जातात. कडवं मोकळं अंतर सोडून उतरवा. धोका, गुन्हा आणि ऐश यांच्यावर तीन रंगांच्या खुणा करा. मग क्रियापदांचा काळ बघा. बेकायदा धंदा भूतकाळात आणि मर्सिडीज वर्तमानकाळात असेल, तर ती वर येण्याची गोष्ट. सगळंच वर्तमानकाळात असेल, तर माणूस अजून त्यातच आहे. गाडीचं नाव बहुतेक वेळा घेतलेल्या जोखमीची पावती म्हणून येतं, त्यामुळे तिच्या आधीच्या चार ओळी सोडू नका.

ओफनबाख शहरातल्या हाफ्टबेफेल या रॅपरचा 2014 चा ‘रुसिश रूलेट’ अल्बम घ्याच. जोखमीची किंमत इतक्या उघडपणे मांडणारे अल्बम कमी आहेत.

रामदासपेठ_१०
भाऊ, त्याआधी झिडो या रॅपरचं 2004 चं ‘माइन ब्लॉक’ ठेवा. बर्लिनच्या मेर्किशेस फिर्टेल वस्तीतली 16 मजली इमारत, एकेक मजला चढत जाणारं गाणं. गुन्हा आहे, नशा आहे, ऐश जवळपास नाही. त्याच्यासमोर हँबर्गच्या 187 श्ट्रासनबांडे या रॅप गटाचं एखादं कडवं ठेवलं की फरक लगेच दिसतो.

खतार या रॅपरचं उदाहरण जपून वापरा. त्याने केलेली 2009 ची सोन्याची लूट खरी, शिक्षाही खरी, आणि 2012 चा अल्बम तुरुंगात असतानाच आला. पण त्यावरून प्रत्येक रॅपरचा ‘मी’ कबुलीजबाब धरला तर चूक होते. रॅपमधला ‘मी’ पुष्कळदा रचलेलं पात्र असतो.

धरमपेठ_बी2
भाषांतर अॅपमध्ये निम्मे शब्द अडतात.

सक्करदरा_बीट्स
अडणारच. तुर्की, अरबी, कुर्दी, रोमानी असे शब्द जर्मन व्याकरणात बसवलेले असतात. अॅप त्यांना जर्मन समजून भलताच अर्थ देतं. तेवढे शब्द बाजूला काढून वेगळे शोधा. संकेतस्थळांवरचे बोल श्रोत्यांनी ऐकून लिहिलेले असतात, म्हणून गाणं लावून ताडून पाहा. वर्गात 18 खालची मुलं असतील तर गाणी आधी पूर्ण ऐका. आग्रो बर्लिन या रॅप लेबलच्या काळातले काही अल्बम जर्मनीत अल्पवयीनांसाठी निर्बंधित यादीत गेले होते.