पोर्तुगीज: सारख्या वाटणाऱ्या क्रियापदांतून नेमकं कुठलं निवडायचं?

मांडवीकाठ (प्रश्न)

पोर्तुगीजची ए२ पातळी (भाषा शिकण्याच्या युरोपीय मोजपट्टीतली खालून दुसरी पायरी) संपत आली आहे. पुस्तक आणि ॲप दोन्ही इंग्रजी माध्यमाचे. अडचण अशी की इंग्रजीतल्या एका शब्दापुढे पोर्तुगीजची दोन-तीन क्रियापदं दिलेली असतात आणि लिहिताना हमखास चुकीचं निवडलं जातं. सगळ्यात जास्त गोंधळ या गटांत होतो:

साबेर / कोन्येसेर
पेदिर / पेर्गुन्तार
पोदेर / कोन्सेगिर / साबेर
सेर / एस्तार / फिकार (तिन्ही ‘असणे’ या अर्थी)

शेवटच्या गटासाठी पुस्तकात ‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ असा नियम आहे. मग ‘तो मेला आहे’ याला एस्तार कसं? मृत्यूपेक्षा कायमचं काय असणार? नियमांची यादी नको, वाक्य लिहिताना वापरता येईल अशी एखादी कसोटी हवी आहे.

शब्दपारखी

(शब्द स्पेलिंगप्रमाणे अक्षरशः लिहितो. लिस्बनमध्ये एस्तार हे ‘श्तार’ असं ऐकू येतं, त्यामुळे उच्चारासाठी यावर जाऊ नका.)

पहिले तीन गट अवघड वाटतात ते इंग्रजीमुळे. मराठीत हे भेद आधीपासून आहेत. इंग्रजी वाक्य बाजूला ठेवा आणि तेच मराठीत म्हणून बघा.

मागणे म्हणजे पेदिर, विचारणे म्हणजे पेर्गुन्तार. पाणी मागितलं, बिल मागितलं, माफी मागितली: तिन्हीकडे पेदिर (पेदिर देस्कुल्पा म्हणजे शब्दशः माफी मागणे). किंमत विचारली, वेळ विचारली: पेर्गुन्तार. मराठी दोन ठिकाणी दगा देते. ‘प्रश्न विचारणे’ हे पेर्गुन्तार उमा पेर्गुन्ता होत नाही, फाझेर उमा पेर्गुन्ता म्हणजे ‘प्रश्न करणे’ असं म्हणतात. आणि ‘त्याला यायला सांग’ यातलं सांगणं जर विनंती असेल तर पेदिर वापरायचं: पेदे-ल्ये पारा विर. दिझ-ल्ये पारा विर म्हटलं की निरोप किंवा हुकूम वाटतो.

साबेर आणि कोन्येसेर यांची सोय ‘माहीत असणे’ आणि ‘ओळखणे’ अशी बरीचशी लागते, पण पूर्ण नाही. ‘जवळपास चांगलं हॉटेल माहीत आहे का?’ यात मराठी ‘माहीत’ म्हणते, पोर्तुगीजला मात्र कोन्येसेर लागतं. म्हणून कसोटी व्याकरणाची ठेवा. पुढे ‘की’, ‘कुठे’, ‘केव्हा’, ‘कसं’ असं उपवाक्य येतंय, किंवा एका ओळीत सांगता येईल अशी माहिती आहे (नाव, पत्ता, उत्तर), तर साबेर. माणूस, गाव, पुस्तक, हॉटेल यांच्याशी परिचय असेल तर कोन्येसेर. कोन्येसो लिस्बोआ याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ ‘लिस्बन पाहिलंय’ असाच होतो.

भूतकाळात यांचे अर्थ सरकतात आणि पुस्तकं इथे फार घाई करतात. साबिया म्हणजे माहीत होतं, सोउबे म्हणजे कळलं. कोन्येसिया म्हणजे ओळखत होतो, कोन्येसी म्हणजे ओळख झाली, पहिल्यांदा भेट झाली. जुन्या मैत्रिणीला काल भेटलात तर कोन्येसी चालणार नाही, एन्कोन्त्रेई म्हणा.

आता जमणं. मला पोहता येतं: सेई नादार. इथे पोहू का, चालेल का: पोसो नादार? त्या खडकापर्यंत पोहायला जमतंय: कोन्सिगो नादार. म्हणजे ‘-ता येणे’ला साबेर, परवानगी किंवा परिस्थितीला पोदेर, प्रयत्न करून ‘जमणे’ला कोन्सेगिर. कोन्सेगिरच्या पुढे मूळ क्रियापद थेट येतं, मध्ये ‘दे’ हे पोर्तुगीज अव्यय घालायचं नाही.

नकारार्थी भूतकाळात मराठी हे तिन्ही ‘-ता आलं नाही’मध्ये गुंडाळते. तिथे स्वतःला विचारा: प्रयत्न केला होता का? डबा उघडता आला नाही (जोर लावून पाहिला): नाउं कोन्सेगी आब्रिर. लग्नाला जाता आलं नाही (सुट्टी नव्हती): नाउं पुदे इर. उत्तर देता आलं नाही (ठाऊकच नव्हतं): नाउं सोउबे रेस्पोन्देर.

तेजोकिनारा

सेर-एस्तारबद्दल लिहिते. कायमचं-तात्पुरतं हा नियम सोडूनच द्या. तो जितक्या ठिकाणी लागू पडतो तितक्याच ठिकाणी फसवतो.

त्याऐवजी मराठीतलं ‘-लेला आहे’ किंवा ‘-लाय’ लावून बघा. थकलाय, बसलाय, तुटलंय, कंटाळलाय, मेलाय. आधी काहीतरी घडलं आणि त्यातून ही अवस्था आली, असं वाक्य असेल तर एस्तार. म्हणूनच एस्ता मोर्तो (एस्ता हे एस्तारचं रूप, तसं सेरचं रूप ए). ती अवस्था पुढे बदलेल की नाही याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. कंटाळवाणा आहे आणि कंटाळलाय यातला फरकही तसाच निघतो: एले ए आबोरेसिदो (माणूसच कंटाळवाणा), एले एस्ता आबोरेसिदो (आत्ता कंटाळलाय). सूप चांगलं झालंय: आ सोपा एस्ता बोआ. अपवाद लग्नाचा. ‘लग्न झालेलं आहे’ असूनही ए काझादो हेच सर्रास म्हणतात, कारण ती माणसाची ओळख मानली जाते. एस्ता काझादोही चूक नाही.

उलट बाजूने: ‘असतो’ म्हणता येत असेल तर सेर. बर्फ थंड असतो: ओ जेलो ए फ्रियो. चहा गरम आहे (हा, समोरचा): ओ शा एस्ता केन्ते. नुसतं ‘आहे’ मात्र दोन्हीकडे जातं. व्यवसाय, देश, नातं, घड्याळातली वेळ हे सगळं सेर.

ठिकाणासाठी वेगळी कसोटी लागते. विचारायचं एवढंच: ही गोष्ट हलते का?

माणूस, मोबाइल, मांजर, म्हणजे हलणारं काहीही: एस्तार. ओन्दे एस्ता आ आना?

इमारत, गाव, नदी: फिकार. ओन्दे फिका आ फार्मासिया? सेर इथेही चालतं.

सभा, लग्न, परीक्षा, म्हणजे कार्यक्रम: फक्त सेर. ओन्दे ए आ रेउनियाउं?

आधी स्पॅनिश शिकलेले इथे हटकून चुकतात. स्पॅनिशमध्ये शहरालाही एस्तार लागतं, पोर्तुगीजमध्ये सहज म्हणायचं तर गोवा फिका ना इंदिया.

फिकारचा दुसरा अर्थ ‘होणे’ आणि ‘राहणे’ यांच्या मधला आहे. फिकोउ दोएन्ते म्हणजे आजारी पडला. दाराचं उदाहरण पाठ करून ठेवा, त्यात सगळं येतं: आ पोर्ता फोई आबेर्ता (दार उघडलं गेलं), आ पोर्ता एस्ता आबेर्ता (दार उघडं आहे), आ पोर्ता फिकोउ आबेर्ता (दार उघडंच राहिलं).

मांडवीकाठ

दाराच्या वाक्यांनी खूपच स्पष्ट झालं. मग सगळीकडे मराठीवर विसंबलं तर चालेल का?

शब्दपारखी

नाही. येणे-जाणे आणि आणणे-नेणे इथे मुळीच नाही, कारण तिथे मराठी आणि इंग्रजी दोघी मिळून एकाच बाजूला ओढतात.

कुणी हाक मारली की आपण ‘आलेच!’ म्हणतो. पोर्तुगीजमध्ये ‘ज्या वोउ’ म्हणायचं, शब्दशः ‘जातेच’. विर (येणे) फक्त बोलणारा जिथे आहे त्या दिशेला. तुम्ही इथून तिकडे निघालात तर ते इर (जाणे), ऐकणाऱ्याला ते येणं वाटत असलं तरी. त्राझेर (आणणे) आणि लेवार (नेणे) हेही याच न्यायाने. ‘उद्या तुझ्याकडे पुस्तक घेऊन येते’ हे त्रागो ओ लिव्रो नाही, लेवो-ते ओ लिव्रो. त्रागो म्हणायचं तर तुम्ही त्या क्षणी तिच्याच घरात उभ्या असायला हव्यात. ही चूक चांगल्या बी२ वाल्यांच्याही (ए२च्या दोन पायऱ्या वरच्या) लिखाणात सापडते, आणि समोरच्याला अर्थ लागत असल्यामुळे कुणी दुरुस्त करत नाही.

बोरीपूल

एक गट राहिला, जिथे मराठी अतिशय उपयोगी पडते. इंग्रजीत ‘टेक’ म्हटलं की संपलं, पोर्तुगीजमध्ये पाच क्रियापदं.

काढणे म्हणजे तिरार: फोटो काढणे, बूट काढणे, परीक्षेत चांगले मार्क काढणे, इतकंच काय, पोर्तुगालमध्ये लायसन काढणेसुद्धा तिरार आ कार्ता. घेणे म्हणजे तोमार: गोळी घेणे, चहा घेणे. (आंघोळही तोमार बान्यो, तिथे मराठी वेगळी.) बस पकडणे पोर्तुगालमध्ये आपान्यार ओ आउतोकारो, ब्राझीलमध्ये पेगार ओ ओनिबुस. नेणे म्हणजे लेवार. वेळ लागणे म्हणजे देमोरार, किंवा पुन्हा लेवार.

‘प्ले’चंही तसंच. वाजवणे तोकार, खेळणे जोगार किंवा ब्रिंकार. नियम, गुण, हारजीत असेल तर जोगार (फुटबॉल, पत्ते, बुद्धिबळ), मुलांचं बाहुल्यांशी खेळणं ब्रिंकार. गंमत करणेही ब्रिंकारच.

जाता जाता: आपला ‘पगार’ पोर्तुगीज पागारवरूनच आलेला आहे. तिकडे ते क्रियापद आहे, अर्थ पैसे देणे. पागार आ कोन्ता म्हणजे बिल भरणे.

सरावासाठी वहीत इंग्रजी रकाना ठेवूच नका. डावीकडे पूर्ण मराठी वाक्य, उजवीकडे पूर्ण पोर्तुगीज. सुटं क्रियापद लिहायचं नाही, सोबत नाम हवंच. एका वेळी एकच गट, आठ-दहा वाक्यं, त्यातली दोन तरी जिथे मराठी फसवते अशी (‘हॉटेल माहीत आहे का’, ‘आलेच’, ‘प्रश्न विचारला’). त्यांना लाल खूण करा आणि उजळणीला फक्त लाल वाक्यं घ्या, बाकीची आपोआप जमतात. शंका आली तर प्रिबेराम या पोर्तुगीज-पोर्तुगीज शब्दकोशात बघा. ए२ला व्याख्या जड जाईल, पण खालची उदाहरणं वाचता येतात.