लाकडी फ्लोअरवरच्या टाइल्सना सरळ रेषेत तडे, टाइल खराब की काम खराब?

फुटकीलादी:
मंडळी, जरा मदत करा. वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअर आहे, म्हणजे खाली कड्या (लाकडी तुळया) आणि त्यावर प्लाय. त्यावर ६० बाय ६० सेंमीच्या टाइल्स बसवून घेतल्या. सात-आठ महिने काही नाही, मग दारापासून खिडकीकडे जाणाऱ्या लायनीत ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटीत भरलेला मसाला, सुटायला लागलं, झाडताना पांढरी पूड यायची, मी म्हटलं धूळ असेल. आता त्याच लायनीत चार टाइल्सना चीर गेलीय, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. तिथून चाललं की कपाटातले ग्लास किणकिणतात. मिस्त्री म्हणतो टाइल हलकी होती, दुकानदार म्हणतो मिस्त्रीला विचारा. चार बदलल्या तर भागेल का?

ओळंबा:
टाइलला कशाला दोष देताय, माल हलका असता तर एक इथे फुटली असती, एक तिथे, तीही वेडीवाकडी. ओळीने चार फुटल्या म्हणजे खाली त्याच लायनीत काहीतरी आहे, माझा अंदाज प्लायचा सांधा. पाय पडला की एक शीट दबते, शेजारची तिथेच राहते आणि वरची टाइल दोघींना चिकटलेली, मग ती करणार काय. टाइल दाब कितीही सोसते हो, पण वाकवायला गेलात की खल्लास. म्हणून नियम असा की भार आल्यावर कडी तिच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६०व्या भागापेक्षा जास्त लवता कामा नये. ३.६ मीटरचा गाळा असेल तर मधोमध १० मिमी, आणि वर दगड बसवायचा असेल तर त्याच्या निम्मंच, ५ मिमी. तुमचे ग्लास वाजतायत यातच सगळं आलं. खालून कड्यांमधलं अंतर मोजा आधी.

रंधा:
सुतार बोलतोय. लवण्याचं बरोबर आहे पण दमटपणा विसरू नका, लाकूड ओल्या हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही रेषांच्या आडवं, लांबीत जवळपास नाहीच. प्लायमध्ये थर उभे-आडवे असतात म्हणून कमी हलतो, पण हलतो. शीटा एकमेकींना खेटून ठोकल्या की फुगायला जागा नाही, मग कडा वर येतात, ३ मिमी फट ठेवायचीच असते. तसंच भिंतीच्या कडेने ६ मिमी मोकळी सोडायची, तिथे ग्राउट भरायचं नाही, सिलिकॉन भरायचं. मी माझ्याच बाथरूमला भिंतीपर्यंत ग्राउट ठासून भरलं होतं, पुढच्या ओल्या हंगामात दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या, घरचे अजून हसतात.

फुटकीलादी:
पण मध्ये सिमेंट बोर्ड टाकलंय, मी स्वतः बघितलंय. तरी?

ओळंबा:
सिमेंट बोर्डाने फ्लोअर कडक होत नाही, हा गैरसमज फार आहे. ते फक्त टाइल नीट चिकटावी म्हणून. बोर्डाखाली अ‍ॅडेसिव्ह पसरून मग स्क्रू मारावे लागतात, नाहीतर खाली पोकळी राहते. सांध्यांवर जाळीची टेप लागते, आणि बोर्डाचा सांधा प्लायच्या सांध्यावर येऊ द्यायचा नसतो. नाण्याने टाइल्स वाजवून बघा, भद्द आवाज आला तर खाली अ‍ॅडेसिव्ह पूर्ण लागलेलं नाही.

गुण्या:
एक प्रश्न, टाइलखाली ते प्लॅस्टिकचं मेम्ब्रेन टाकतात ना, ते टाकलं तर काम होईल का?

ओळंबा:
मेम्ब्रेन आडवी हालचाल झेलतं, लाकडाचं फुगणं-आकसणं वगैरे. वरखाली लवणं ते थांबवत नाही. आधी कड्या मजबूत, मग मेम्ब्रेन. आणि चारच टाइल्स बदलणं म्हणजे त्याच जागी परत फोडणं. आधी एक काढून बघा.

फुटकीलादी:
काढली आज. टाइलच्या मागे अ‍ॅडेसिव्हचे पाच गोळे, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, बाकी सगळी कोरी. बोर्डाचा सांधा बरोब्बर चिरेखाली, टेपचा पत्ता नाही. बोर्ड कापून काढला तर त्याच्या खाली प्लायचाही सांधा, दोन्ही शीटा घट्ट खेटलेल्या, आणि कडी तिथून हातभर लांब. मिस्त्रीला फोटो पाठवलेत. दोन निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.

रंधा:
येणारही नाही. त्या सांध्याखाली आडवी लाकडं ठोकून घ्या आणि बाकीच्या टाइल्सही वाजवा, पाच गोळे एकाच टाइलला नसणार.